एका सेकंदाची ओळख

आपल्या मराठी भाषेने कानांवर जेवढा अन्याय केला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही इंद्रियावर केला नसेल. चूक हाताची असो वा जिभेची, उपटले जातात ते कान. अद्दल घडली की खडा लावायचा तोही कानालाच. माणूस भोळसट निघाला तर तो 'हलक्या कानाचा', आणि एखाद्याला चार शब्द सुनावायचे झाले तर त्याचे 'कान टोचायचे'. आता डोळ्यांचे भाग्य पाहा! हरिण, मासोळी, कमळ अशा साऱ्या उपमा कवींनी डोळ्यांवर उधळल्या. कानांच्या वाट्याला काय आले? सूप!

या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की, मला दुबळ्या पक्षाची वकिली करण्याची खोड आहे. तेव्हा यंदाच्या दिवाळीत कानांचे वकीलपत्र घ्यावे असे मी ठरवले. त्याला निमित्त झाला एक खेळ. रोज रात्री नऊ वाजता आम्ही चौदा माणसे हा खेळ खेळतो. आठ साताऱ्याची, सहा सांगली-मिरजेची. वय वर्षे एकोणीस ते अठ्ठ्याहत्तर.

खेळाची रीत अगदी सोपी आहे. त्या दिवशीचा जो सूत्रधार असेल, तो मोबाइलवरून एका गाण्याच्या आरंभाचा फक्त एक सेकंद सर्वांना पाठवतो. एक सेकंद म्हणजे किती? तबल्यावर एक थाप पडावी आणि दुसरीसाठी हात उचलावा, एवढा वेळ. तेवढ्यावरून गाणे ओळखले तर सहा गुण. नाही ओळखले तर दोन सेकंद ऐकायला मिळतात, मग चार, मग सात, मग अकरा आणि शेवटी सोळा. प्रत्येक पायरीला एक गुण कमी होतो. सोळा सेकंद ऐकूनही ओळख पटली नाही तर भोपळा. उत्तर ज्याने त्याने सूत्रधाराला खाजगीत कळवायचे. चौकात ओरडायचे नाही.

ही एक-दोन-चार-सातची शिडी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. २०२२ साली 'हर्डल' नावाचा इंग्रजी गाण्यांचा असाच एक खेळ जगभर पसरला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये तो एका बड्या संगीत कंपनीने विकत घेतला आणि २०२३ च्या मे महिन्यात बंदही करून टाकला. श्रीमंताने हौसेने बाग विकत घ्यावी आणि मग तिला कुलूप लावावे, त्यातलाच हा प्रकार! आम्ही शिडी तेवढी उचलली आणि आपल्या भिंतीला लावली.

भिंत मात्र खरोखर आपली आहे. कारण गाण्याच्या आरंभावरून गाणे ओळखण्याची विद्या आपल्या आजोबा-पणजोबांना चांगली अवगत होती. घरात कुठे जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक असेल तर काढून पाहा. पदाच्या माथ्यावर राग आणि ताल दिलेला असतो, आणि पुढे 'चाल' म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी गीताचे पहिले दोन-तीन शब्द छापलेले असतात. स्वरलिपी नाही, काही नाही. ते दोन शब्द वाचले की वाचकाला सबंध चाल आठवावी, अशी नाटककाराची अपेक्षा! आणि ती आठवत असे. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकातील पदांना भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या चिजांच्या चाली दिल्या, तेव्हा थिएटरातले जाणकार मूळ चीज ओळखून माना डोलावत. त्या नाटकाचे लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे सांगलीचे. 'शारदा'कार देवल शेजारच्या हरिपूरचे. आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेही सांगलीतच. तेव्हा आमच्या मंडळातले सांगलीकर नाट्यपदांच्या दिवशी आम्हा सातारकरांना जरा खाली बघायला लावतात, याचे नवल नाही.

पण आम्हीही अगदीच कोरडे नाही. लोकगीते आणि पोवाडे निघाले की पारडे आमच्याकडे झुकते. कारण शाहीर साबळे आमच्या वाई तालुक्यातल्या पसरणीचे. २०२३ साली महाराष्ट्राने जे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले, त्याला आवाज त्यांचा. त्यावर सांगलीकर लगेच म्हणतात, "आणि ग. दि. माडगूळकर? ते आमच्या शेटफळ्याचे!" मग ५६ गीतांचे अख्खे 'गीतरामायण' त्यांच्या पारड्यात पडते आणि आमचा आवाज बसतो. कृष्णा नदी आधी आमच्या माहुलीवरून वाहते आणि मग सांगलीला जाते, एवढा एकच युक्तिवाद आमच्या हाती उरतो.

श्रोत्यांच्या परीक्षेचा आणखी एक थोर वारसा आहे तो रेडिओचा. ज्येष्ठ वाचकांना 'बिनाका गीतमाला' सांगायला नको. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ती सुरू झाली तेव्हा ती लोकप्रियतेची उतरंड नव्हती. ती एक स्पर्धा होती. अमीन सायानी सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवीत, आणि ती कोणत्या कालक्रमाने आली हे श्रोत्यांनी पत्राने कळवायचे असे. बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे खुद्द सायानी सांगत असत. म्हणजे नऊ हजार लोक पाकिटाला तिकीट लावून स्वतःच्या कानांची परीक्षा द्यायला तयार होते! आम्ही चौदाच आहोत, पण जात तीच.

असो. आता खेळाडूंची ओळख करून देतो. मिरजेचे एक गृहस्थ पिढीजात तंतुवाद्ये बनवणारे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या दिवशी त्यांनी आम्हाला पेढ्यांचा फोटो पाठवला होता. गाण्याच्या आरंभी नुसता तानपुरा झणकारला की आमचे चेहरे कोरे, पण ते म्हणतात, "हा बाईंच्या पट्टीचा तानपुरा आहे. आता पुरुष गायकांची नावे खोडून टाका." अर्धी लढाई तिथेच संपते.

दुसऱ्या आमच्या काकू. साताऱ्याच्या शनिवार पेठेत राहतात. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झाल्या आहेत. वयाने मंडळात सर्वांत मोठ्या. काकूंना गाणे ओळखायला वेळ लागतो, बहुधा अकरा सेकंद, कधी सोळाही. पण एकदा ओळखले की गाण्याच्या सात पिढ्या बाहेर येतात. राग कोणता, चित्रपट कुठल्या थिएटरात लागला होता, तेव्हा शेजारी कोण बसले होते आणि मध्यंतरात भजी कशी होती, इथपर्यंत.

आणि तिसरा हा आमचा एकोणीस वर्षांचा सांगलीकर. विश्रामबागेत राहतो, संख्याशास्त्र शिकतो. त्याला मागच्या वर्षी त्याच्या आत्याने मंडळात आणले, आणि पहिल्या आठवड्यातच खळबळ उडाली. कारण हा पोरगा प्रत्येक गाणे एका सेकंदात ओळखू लागला! रोज सहा गुण. स्वतःच्या जन्माआधी पन्नास वर्षांपूर्वीची गाणी!

मंडळात कुजबुज सुरू झाली. गाणे ऐकवताच त्याचे नाव सांगणारी यंत्रणा या शतकाच्या आरंभापासून निघालेली आहे आणि आता ती प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा पोरगा दुसऱ्या फोनला ऐकवून उत्तर काढत असणार, असा सिद्धान्त कऱ्हाडच्या एका तात्यांनी मांडला. हे तात्या मूळ साताऱ्याचेच, आणि निवृत्त लेखापरीक्षक. संशय हा त्यांचा धंदाच होता. "याची समोरासमोर परीक्षा घ्या," ते म्हणाले.

गणपतीच्या दिवसांत सांगलीला आमचे एकत्र जमणे झाले, तेव्हा ती परीक्षा झाली. पोराचा फोन काढून घेतला. तात्यांनी स्वतः निवडलेली दहा गाणी वाजवली. पोराने नऊ ओळखली, तीही एकेका सेकंदात. तात्या गप्प झाले. तेवढ्यात काकूंनी विचारले, "छान! आता यातल्या कुठल्याही एका गाण्याचा अंतरा गुणगुण बरं."

पोरगा गप्प. मग म्हणाला, "आजी, अंतरा माहीत नाही. मी फक्त सुरुवाती पाठ केल्यात. दीड हजार झाल्यात आतापर्यंत."

जमलेल्यांत एकदम हशा पिकला. सांगू का, वाचकहो, त्या हशात थोडा सुटकेचाही भाग होता. आपल्याला हरवणारा माणूस खरा रसिक नसून गाइड पाठ करणारा विद्यार्थी आहे, हे कळले की हरलेल्यांना फार बरे वाटते. "मग याला काय अर्थ आहे? याला गाणे कुठे ओळखता येते? याला फक्त उत्तर येते," असे म्हणत तात्यांनी त्याला मंडळातून काढण्याची सूचनाही मांडून टाकली.

त्या सूचनेला विरोध केला तो काकूंनीच. त्या म्हणाल्या, "मीही पाढे आधी पाठच केले होते. अर्थ मागाहून कळला. राहू दे त्याला."

मला मात्र त्या रात्री परतीच्या एस.टी.त एका शब्दाने बराच वेळ जागे ठेवले. 'ओळखणे' आणि 'ओळख असणे' यांसाठी मराठीत शब्द एकाच घरचा आहे, पण गोष्टी दोन आहेत. टपालवाला आळीतल्या सगळ्यांना ओळखतो. पण अडीअडचणीला आपण दार ठोठावतो ते ज्याच्याशी ओळख आहे त्याचे. खिशातले यंत्र गाणे ओळखते. त्याची गाण्याशी ओळख नसते. पोराचे नेमके तेच झाले होते. पण यंत्र कधी अंतरा विचारल्यावर ओशाळत नाही, आणि पोरगा ओशाळला होता. मला तो फरक फार मोठा वाटला.

पुढे जे झाले ते मंडळातल्या इतरांना बरेच दिवस ठाऊक नव्हते. आता काकूंच्या परवानगीने लिहितो आहे.

नवरात्राच्या सुमारास त्या पोराचा मला फोन आला. म्हणाला, "काका, एक विचारू? मी सगळ्यांच्या गुणांची नोंद ठेवतो. सवय आहे. त्यात काकूआजींचं काहीतरी वेगळं दिसतंय." त्याने सहा महिन्यांचा तक्ता मांडला होता. ज्या गाण्यांचा आरंभ ढोलकीने, तबल्याने किंवा पुरुषाच्या आवाजाने होतो, ती काकू दोन-चार सेकंदांत ओळखत. आरंभी बासरी किंवा व्हायोलिने असली की मात्र अकरा, सोळा, नाही तर भोपळा. "त्यांना गाणं आठवत नाही असं नाही, काका," तो म्हणाला. "त्यांना ते सुरुवातीला ऐकूच येत नसावं."

मी आमच्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, पोराचा तर्क अगदी शास्त्रशुद्ध आहे. वयोमानाने कानांची जी झीज होते, ती वरच्या टोकापासून सुरू होते. उंच, बारीक आवाज आधी हरवतात. खालच्या पट्टीचे पुष्कळ उशिरा. बोलण्यातले 'स', 'श' यांसारखे हलके वर्ण निसटू लागतात, म्हणून ऐकू येते पण नीट कळत नाही, अशी वयस्कर माणसांची तक्रार असते. आणि हे इतके हळूहळू घडते की, ज्याचे हरवते त्याला हरवल्याचे कळतच नाही. घरच्यांना वाटते, आजींचे लक्ष नसते. आजींना वाटते, आजकाल माणसे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

मी काकूंकडे गेलो. कसे सांगावे याची जुळवाजुळव करीत होतो, तोच चहाचा कप पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "तू कशाला आलास ते माझ्या लक्षात आलंय. अरे, अंगणात चिमण्या येतात, चोची हलताना दिसतात. मला वाटायचं, हल्लीच्या चिमण्या अबोल झाल्या." आणि त्या हसल्या. मला ते हसणे जड गेले.

यंत्राचे नाव काढताच मात्र त्यांनी मान हलवली. "ते कानात घालायचं म्हणजे म्हातारपणाची पाटी गळ्यात अडकवण्यासारखं." चाळिशीचा चष्मा आपण हौसेने मिरवतो, त्याला सोनेरी दांडी लावून घेतो, पण कानाचे यंत्र म्हटले की शहाणीसुरती माणसे लाजतात. सुरुवातीला म्हटलेच ना, कानांवर अन्याय फार!

काकूंचे मन वळवले ते त्या पोराने. एका रविवारी तो सांगलीहून एस.टी.ने साताऱ्याला आला. हातात एक भला मोठा जुना स्पीकर. फोनचा भोंगा एवढासा असतो, त्याला खर्ज पेलत नाही. म्हणजे वरचे सूर काकूंचा कान गाळत होता आणि खालचे सूर फोन गाळत होता! मोठ्या स्पीकरवर खालची निम्मी बाजू परत आली. त्याने त्यांना तक्ता दाखवला आणि म्हणाला, "आजी, वरची बाजू माझ्या हातात नाही. पण तुम्ही ती आणलीत, तर मी तुमच्याकडून रोज एक अंतरा शिकीन."

शिक्षिकेला विद्यार्थ्याचे आमिष! काकू दुसऱ्याच आठवड्यात कानाची तपासणी करून आल्या. यंत्र बसले. पहिले काही दिवस त्रासाचे गेले. भांडी आदळली की डोक्यात घण पडावा असे होई, आणि गाणी तर पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखी. पुन्हा डॉक्टरांकडे गेल्यावर कळले की ही यंत्रे मुख्यतः बोलणे कळावे म्हणून बेतलेली असतात. गाण्यासाठी त्यांची निराळी जुळणी करून घ्यावी लागते. ती करून घेतली. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे यंत्र कपाटात पडून आहे, त्यांनी एवढे विचारून पाहावे.

त्यानंतर जेव्हा पोराची सूत्रधाराची पाळी आली, तेव्हा त्याने मुद्दाम १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातले ते गाजलेले गाणे निवडले. काकूंनी दोन सेकंदांत ओळखले. आणि त्या रात्री गुण मोजून झाल्यावर त्यांनी आम्हाला त्याची कथा सांगितली. आरंभीच्या ओळींना ठेका नाही. आवाज दुरून जवळ येत जातो. गाणे रेडिओवर लागले आणि लोक वेडे झाले. पण गाते आहे कोण? ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'! कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. तेव्हा तशीच पद्धत होती. श्रोते रेडिओला विचारत राहिले, ही कामिनी कोण? ती होती विशीतली लता मंगेशकर. मास्टर दीनानाथांची मुलगी. जिचे बालपण सांगलीत गेले आणि जिच्या पाठची बहीण आशा १९३३ साली सांगलीत जन्मली.

"म्हणजे बघा," काकू म्हणाल्या, "आपला हा खेळ तेव्हा सगळा देश खेळला. नाव छापलेलं नव्हतं, म्हणून लोकांनी कानांनी शोधलं."

त्या दिवसापासून काकूंनी नवा नियम घालून दिला आहे. गाणे ओळखले की अर्धेच गुण. उरलेले अर्धे हवे असतील तर त्या गाण्यामागच्या, किंवा त्यावरून आठवलेल्या, अशा एका माणसाचे नाव सांगायचे, जे सहसा कोणी घेत नाही. वादकाचे, संयोजकाचे, गुरूचे. या नियमाने आम्हाला किती माणसे भेटली! 'अमर अकबर अँथनी'मधले अँथनी गोन्साल्विस हे नाव साऱ्या भारताच्या तोंडी आहे. पण ते गोव्यातील माजोर्ड्याच्या एका व्हायोलिनवादकाचे खरे नाव, आणि त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते त्या गाण्यात आणवले, हे आमच्यापैकी तिघांनाच ठाऊक होते. आकाशवाणीची सकाळची धून तर आम्ही चौदाही जण अर्ध्या सेकंदात ओळखू. पण तिचे कर्ते म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते वॉल्टर कॉफमन, नाझींच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईत आलेले संगीतकार, हे ऐकून तात्यांनीही टोपी काढली. हे नाव शोधून आणले होते त्या पोरानेच. आता त्याच्या वहीत दीड हजार सुरुवातींपुढे नावांचा एक रकाना वाढला आहे, आणि अंतरे एकशे बारा झाले आहेत.

वाचकहो, भाऊबीजेला घर भरलेले असते. फराळाची ताटे झाली की लहानथोर आपापला फोन घेऊन एकेका कोपऱ्यात पांगतात. या वर्षी एकच फोन मध्ये ठेवा, जमले तर त्याला बऱ्यापैकी स्पीकर जोडा, आणि एका सेकंदापासून सुरुवात करा. सूत्रधार घरातल्या सर्वांत लहान मुलाला करा. आजी-आजोबांना उत्तराची घाई करू नका. त्यांना कुठल्या वाद्याशी अडते, तेवढे मात्र लक्षात ठेवा. आणि उत्तर आले की गाणे थांबवू नका. अंतऱ्यापर्यंत वाजू द्या.